मधल्या रेझिस्टरचा करंट कागदावर शून्य, टेबलावर मात्र धूर

वाइंडिंगवाला_उद्यमनगर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. शिक्षण आयटीआय वायरमन. पुढं शिकायचं होतं, पण ते असू दे.

भाची बारावी सायन्सला आहे, इचलकरंजीला असते, सुट्टीला आमच्याकडं आलीय. रविवारी वही घेऊन समोर बसली. "मामा, एवढं गणित सांग की. तू दिवसभर करंटातच असतोस." आता मामानं नाही कसं म्हणायचं?

गणित असं आहे. १२ व्होल्टची बॅटरी. प्लसचं टोक अ, मायनसचं टोक ब. अ पासून दोन वाटा फुटतात. वरच्या वाटेवर आधी ४ ओहम, मग क नावाचा जोड, मग १२ ओहम आणि ब. खालच्या वाटेवर आधी ६ ओहम, मग ड नावाचा जोड, मग ३ ओहम आणि ब. शिवाय क आणि ड यांच्यामध्ये आडवा ५ ओहम. या आडव्या पाचातून किती करंट जातो ते काढा.

मी काय केलं सांगतो. ४ आणि १२ सिरीज, १६ झाले. ६ आणि ३ सिरीज, ९ झाले. वरून ०.७५ अँपिअर, खालून १.३३. बॅटरीतनं निघालेला सगळा करंट दोन वाटांत वाटून संपला की! मग मधल्या पाचाला उरलं काय? तिला म्हटलं, शून्य लिही. तर म्हणते, "मामा, ब्रिज बॅलन्स असला, म्हणजे क आणि ड चे व्होल्ट सारखे असले, तरच शून्य. हा बॅलन्स नाही, मी बघितलो तपासून."

म्हटलं कागद राहू दे, जोडूनच बघू. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ४ ओहम मागितला तर दुकानदार हसला. १२ ओहमचे मिळाले, ते बारके पाव वॅटचे. तीन पॅरलल केले की ४, दोन केले की ६, चार केले की ३, आणि एक सुटा. असे दहा नग. मधल्या पाचाला १० ओहमचे दोन. एवढं डोकं माझं चालतं. घरात जुन्या स्कूटरची बॅटरी होती, तिला जोडलं. मीटरचे प्रोब हातातच राहिले, त्याच्या आधी वास सुटला. क ते ब मधला एकटा १२ वाला सगळ्यात आधी काळा पडला, मागोमाग अ ते ड मधले दोघं. भाची म्हणाली, "जाळ अन् धूर संगटच." टेबलाच्या सनमायकावर डाग पडलाय, त्यावर सध्या वर्तमानपत्र टाकून ठेवलंय. घरात अजून कुणी उचललेलं नाही.

तर माझी सिरीज चुकली कुठं? आणि मधल्या एका रेझिस्टरचा करंट काढायला सरळ वाट कुठली? कळेल असं सांगा, नुसता फॉर्म्युला फेकू नका. ती बुधवारी परत जाणार आहे.

रंकाळा_कट्टा

दहा रेझिस्टरना भावपूर्ण श्रद्धांजली. 🙏 मामा, तीन लूप, तीन समीकरणं, कॅल्क्युलेटरला घाला आणि मोकळे व्हा. उत्तर ०.५ अँपिअर.

वाइंडिंगवाला_उद्यमनगर

उत्तर वहीच्या मागच्या पानावर आहे भावा. वाट पाहिजे.

राजारामपुरीचा_मास्तर

वाइंडिंगवाले, तुमचं गणित निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मंच पुढं उपयोगी पडणार आहे. पॉलिटेक्निकला शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हीच चूक दर वर्षी निम्मा वर्ग करायचा, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

आधी सिरीज. दोन रेझिस्टर एका रेघेत काढलेत म्हणून ते सिरीज होत नाहीत. पहिल्यातून निघालेल्या करंटाला दुसऱ्यात जाण्यावाचून इलाज नसेल, तरच सिरीज. उसाला पाणी पाजताना तुम्ही कधी दारं धरलं असेल. पाटाला मध्येच एक दारं उघडं असेल तर वरच्या अंगाला मोजलेलं पाणी खालच्या सरीला तेवढंच पोचेल का? तुमच्या क जोडावर ५ ओहमचं दारं उघडं आहे. चारातून आलेला करंट तिथं फुटतो. ४ आणि १२ ची बेरीज करताना तुम्ही ते दारं मनातल्या मनात बुजवलं. म्हणजे शून्य तुम्हीच आधी आत घातलं आणि शेवटी तेच बाहेर काढलं.

बुजवलंच आहे तर आता उघडपणे बुजवा. ज्याचा करंट हवा तो ५ ओहम सोल्डर काढून बाजूला ठेवा. आता ४ आणि १२ खरोखर सिरीज आहेत, ६ आणि ३ सुद्धा, आणि तुमचं गणित पूर्ण बरोबर. ब ला शून्य धरलं तर क वर किती व्होल्ट? ०.७५ गुणिले १२, म्हणजे ९. ड वर १.३३ गुणिले ३, म्हणजे ४. क आणि ड च्या उघड्या टोकांत ५ व्होल्टचा फरक आला. फरक आहे म्हणजे तिथं काहीही जोडलं तर करंट जाणारच. तुमची भाची बरोबर होती.

आता दुसरा अर्धा भाग. या दोन टोकांतून आत बघितलं तर किती ओहम दिसतात? इथं पोरं अडतात, कारण बॅटरीचं काय करायचं ते कळत नाही. बॅटरी काढायची आणि तिच्या जागी नुसती तार टाकायची. का, तर चांगली बॅटरी अ आणि ब मधला फरक १२ वरून हलू देत नाही. तुम्ही क वरून थोडा जादा करंट ओढलात तर क चे व्होल्ट हलतील, ड चे हलतील, पण अ आणि ब जागच्या जागी. हलण्यापुरतं बघायचं तर अ आणि ब हे दोन्ही सारखेच ठाम खुंटे, एकच टोक म्हणा ना. मग क पासून त्या खुंट्याला ४ ही जातो आणि १२ ही जातो, म्हणजे ते पॅरलल: ३ ओहम. ड पासून ६ आणि ३ पॅरलल: २ ओहम. क पासून खुंट्याला ३, खुंट्यापासून ड ला २, एकूण ५.

झालं. चार रेझिस्टर आणि बॅटरीचं ते जाळं आता ५ व्होल्टची एक बॅटरी आणि तिच्यासोबत सिरीजमध्ये ५ ओहम एवढंच उरलं. बाजूला ठेवलेला ५ परत लावा. ५ भागिले १०, अर्धा अँपिअर, क कडून ड कडे.

हे तुम्ही रोज करता, फक्त नाव माहीत नाही. करवीर तालुक्यातलं एखादं गिऱ्हाईक म्हणतं, मोटार उचलत नाही. तुम्ही जाऊन मीटर लावता. मोटार बंद असताना २३५ व्होल्ट दाखवतं, आणि १० अँपिअरचा लोड आला की २१५. मध्ये किती खांब, किती जोड, ट्रान्सफॉर्मर किती लांब, याची चौकशी तुम्ही करत नाही. २० व्होल्ट पडले १० अँपिअरला, म्हणजे त्या मोटारीच्या लेखी अख्खं गाव म्हणजे २३५ व्होल्ट आणि २ ओहम. (एसीत याला थोडे फाटे फुटतात, पण अंदाजाला एवढं पुरतं.) लिऑन शार्ल थेवेनिन या फ्रेंच तारखात्यातल्या इंजिनिअरनं १८८३ साली हेच मांडलं, म्हणून या रीतीला थेवेनिनचं नाव. जर्मनीत हेल्महोल्ट्झनं १८५३ मध्येच ते सांगून ठेवलं होतं, पण नाव तारवाल्याचं राहिलं. मला ते आवडतं.

आता तुमच्या धंद्यातली गोष्ट. स्टार (तिन्ही कॉइलींची एकेक टोकं एका जोडाला) आणि डेल्टा (तिन्ही त्रिकोणात) तुम्हाला मी काय सांगणार? डेल्टातल्या मोटारीच्या दोन टर्मिनलांवर ओहम मोजले की एका कॉइलच्या दोन तृतीयांश येतात, स्टारमध्ये दुप्पट. म्हणजे बाहेरून मोजणाऱ्याला डेल्टातली ३ ओहमची कॉइल आणि स्टारमधली १ ओहमची कॉइल सारखीच. कॉइली असमान असतील तरी हे जमतं, केनेलीनं १८९९ मध्ये सूत्र दिलं: टोकाला लागलेल्या दोन बाजूंचा गुणाकार भागिले तिन्हींची बेरीज. तुमच्या गणितात अ, क, ड चा डेल्टा ४, ५, ६, बेरीज १५. स्टार केला तर अ च्या पायात १.६, क च्या १.३३, ड च्या २. मग सगळं सरळ सिरीज पॅरलल होतं आणि बॅटरीला एकूण ५.२४ ओहम दिसतात, करंट २.२९.

पण इथं एक खड्डा आहे. त्या डेल्टात मधला ५ च विरघळून गेला! ज्याचा करंट हवा होता तोच चित्रातून गायब. मग उलट फिरून क आणि ड चे व्होल्ट काढायचे, तेव्हा कुठं तो सापडतो. म्हणून एकूण करंट हवा असेल तर स्टार डेल्टा करा, मधल्या एकाचा हवा असेल तर त्याला उचलून बाजूला ठेवा. वर्गात हे सांगूनही पेपरात पोरं डेल्टाच करत बसायची.

शेवटी तुमचा धूर. पाच ओहम लावल्यावर क ७.५ व्होल्टला येतो आणि ड ५ ला. क ते ब मधल्या एकट्या १२ ओहमवर ७.५ व्होल्ट, म्हणजे जवळपास ४.७ वॅट. पाव वॅटच्या पोरावर एकोणीस पट ओझं. अ ते ड मध्ये ७ व्होल्ट, तिथले दोघं प्रत्येकी ४.१ वॅट. म्हणजे आधी तो एकटा आणि मागोमाग ते दोघं. तुम्ही लिहिलेला क्रम तंतोतंत हाच आहे. सनमायकावरचा डाग पुसू नका, तो ताळा आहे.

परत जोडा, पण सगळे ओहमचे किलोओहम करून. व्होल्ट तेच राहतील, करंट हजार पटीनं कमी. सगळ्यात तापणारा सुद्धा ५ मिलिवॅटच्या आत.

केएमटीचा_पास

मास्तरांचं मस्तच, पण भाचीला एक सांगा मामा. बारावीच्या पुस्तकात किर्चहॉफ आणि व्हीटस्टनचा ब्रिज आहे, थेवेनिन नाही. पेपरात किर्चहॉफनंच लिहायचं आणि कच्च्या पानावर थेवेनिननं ताळा करायचा. मी गेल्या वर्षी असंच केलो.

आणि तीन लूप घ्यायची गरजच नाही. जोड दोनच आहेत ज्यांचे व्होल्ट माहीत नाहीत. ब शून्य, अ १२, मग प्रत्येक जोडावर आलेला करंट = गेलेला करंट एवढंच, हाच किर्चहॉफ.

क वर: (१२ − क)/४ = क/१२ + (क − ड)/५
ड वर: (१२ − ड)/६ + (क − ड)/५ = ड/३

पहिल्याला ६० नं गुणून आवरलं की ८क − ३ड = ४५. दुसऱ्याला ३० नं गुणून आवरलं की ७ड − २क = २०. सोडवलं की क ७.५, ड ५. फरक २.५, भागिले ५, अर्धा अँपिअर. चिन्ह चुकायचं भ्या लूपपेक्षा यात कमी.

आणि चित्र वेडंवाकडं दिलं असेल तर आधी स्केचपेन घ्यायचं. एका तारेला लागलेल्या सगळ्या टोकांना एक रंग, रेझिस्टर ओलांडला की दुसरा रंग. एकाच दोन रंगांत अडकलेले रेझिस्टर म्हणजे पॅरलल, ते चित्रात कितीही लांब असू देत. माझी निम्मी गणितं यातच सुटली.

रंकाळा_कट्टा

"केलो" वाचून बरं वाटलं. पोरगी आपल्या गावची आहे.

केएमटीचा_पास

पुण्यात हॉस्टेलवर रोज यावरनं चिडवतात. बदलणार नाही.

वाइंडिंगवाला_उद्यमनगर

मास्तर, आधी नमस्कार घ्या. २३५ आणि २१५ चं वाचलं आणि दुकानात बसल्या बसल्या हसू आलं. इतकी वर्षं पायऱ्या मोजतोय आणि जिना कुणाचा ते माहीत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी परत जोडलं. १२ किलोचे दहा, १० किलोचे दोन. तिसरा पट्टा काळ्याऐवजी नारिंगी, बाकी रेझिस्टर दिसायला तसाच. दुकानदारानं विचारलं, "आधीचे काय झाले?" म्हटलं, गेले.

बॅटरी चार्ज होऊन आली होती, १२.६ दाखवत होती. मधला काढून ठेवला आणि क ड वर मीटर लावला: ५.२४. भाचीनं आधीच वहीत ५.२५ लिहून ठेवलं होतं, १२.६ च्या हिशेबानं. मधला लावला: २.६१. म्हणजे ०.५२ मिलिअँपिअर. ती नाचायचीच राहिली. वास नाही, धूर नाही, तिला जरा चुकल्यासारखं पण झालं असेल.

मग मी थोडा आगाऊपणा केला. म्हटलं, मास्तर म्हणतात आत ५ किलो आहेत, तर ते मोजूनच बघू. मधला काढला, मीटर २ मिलिअँपिअरच्या रेंजला टाकला आणि सरळ क ड मध्ये घातला. ५.२५ भागिले ५ किलो, १.०५ यायला पाहिजे. आला १.०३. तीन वेळा बघितलं, १.०३ च. प्रोब साफ केले, तरी तेच. रेझिस्टर पाच टक्केवाले आहेत हे मला माहीत आहे, पण व्होल्ट एवढे बरोबर आले आणि करंट तेवढा कमी का?

राजारामपुरीचा_मास्तर

आगाऊपणा नाही, तुम्ही प्रयोगशाळेत करायचा तोच प्रयोग केलात. उघड्या टोकांचे व्होल्ट, शॉर्ट केल्यावरचा करंट, दोन्हींचा भागाकार म्हणजे आतला रोध. आत किती रेझिस्टर आहेत हे उघडून न बघताही आतले ओहम कळतात.

१.०३ चं उत्तर तुमच्या हातातच होतं. करंटच्या रेंजवर मीटर म्हणजे शुद्ध तार नव्हे, त्याच्या पोटात एक शंट, म्हणजे करंट मोजायचा छोटा रेझिस्टर असतो. साध्या स्वस्त डिजिटल मीटरमध्ये २ मिलिअँपिअरच्या रेंजला तो साधारण १०० ओहमचा असतो. म्हणजे तुम्ही ५ किलोच्या सिरीजमध्ये आणखी ०.१ किलो घातलात. ५.२५ भागिले ५.१ करा. १.०३ आलं की नाही? व्होल्टच्या रेंजवर तोच मीटर मेगओहममध्ये असतो, म्हणून तिथं तुमच्या सर्किटला त्याचा पत्ताही लागला नाही.

मात्र पाच टक्क्यांच्या रेझिस्टरवर एवढं जुळणं यात थोडं नशीबही आहे, एकाच रिळातले निघाले असतील. दुसऱ्या दिवशी १.०० आलं तर माझ्याशी भांडायला येऊ नका.

आणि एक, हे लिहून ठेवा किंवा भाचीकडून लिहून घ्या. शॉर्ट करून करंट मोजणं मिलिअँपिअरवर चाललं. गिऱ्हाइकाच्या मीटरपेटीत किंवा त्या स्कूटरच्या बॅटरीच्या टोकांवर हा प्रयोग करायचा नाही. तिथं आतला रोध इतका कमी असतो की मीटर, प्रोब आणि भुवया तिन्ही जातील. तिथं २३५ आणि २१५ वालीच पद्धत.

वाइंडिंगवाला_उद्यमनगर

बुधवारी भाचीला सीबीएस स्टँडवर सोडून आलो. जळका १२ वाला कंपासपेटीत घालून नेलाय तिनं, मैत्रिणींना दाखवणार म्हणे.

अर्ध्या तासात फोन. मी साडेसात एचपीच्या स्टेटरमध्ये पेपर सरकवत होतो, स्पीकरवर टाकला. "मामा, मधे पाचाच्या जागी वीस असता तर?" किलो का साधे विचारलं, म्हणाली साधे. हातातलं न सोडता सांगितलं, पाच भागिले पंचवीस, ०.२. आधीच्या पद्धतीनं असतं तर वही शोधत बसलो असतो. थोडा वेळ शांत. मग म्हणाली, "बरं. आणि अ ते क मधला चार बदलला तर?"

तिथं थांबलो. तो बदलला तर ५ व्होल्ट पण बदलणार आणि ५ ओहम पण, सगळं पहिल्यापासून. म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, ठेवतो. खरं तर कुणी नव्हतं.